आतून मोकळे ठसे

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या बेअरिंगच्या दुकानासमोर लालासाहेब सुतारांचं पॅटर्नचं वर्कशॉप होतं. पॅटर्न म्हणजे फौंड्रीला लागणारा लाकडी नमुना. पंपाची बॉडी ओतायची असेल तर ती आधी सागवानात करायची, वाळूत दाबायची, अलगद वर उचलायची, आणि वाळूत जी पोकळी उरेल तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड बाजारात जातं. लाकूड फळीवर परत येऊन धूळ खात बसतं. लालासाहेबांनी तीस वर्षं हे काम केलं. त्यांच्या हातचं काम आम्हा गल्लीतल्या लोकांशिवाय कुणी पाहिलं नसेल.

ते मूळचे रहिमतपूरचे. सहा दिवस कुपवाडात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या रेल्वेनं गावी जायचे. गावी चंद्राबाई, म्हणजे त्यांची बायको, दीड एकर आल्याचं रान एकटीनं बघायची. मिस्त्री बोलायला कमी. चहाला बोलावलं तर येत, कप रिकामा झाला की उठत.

त्यांच्या भिंतीला लागून तवनाप्पांचा पुठ्ठ्याची खोकी करायचा छोटा कारखाना होता. तवनाप्पा नांद्र्याचे, जैन, थोडी शेती आणि हा धंदा. एका पावसाळ्यात त्यांच्या खोकी शिवायच्या मशीनचा लाकडी दांडा मोडला आणि काम अडलं. लालासाहेबांनी तासाभरात नवा दांडा घडवून बसवून दिला. तवनाप्पांनी खिशात हात घातला तसे हे म्हणाले, "राहू द्या अण्णा. तुकडा पडूनच हुता."

दुसऱ्या दिवशी तवनाप्पा एक स्टीलचा डबा घेऊन आले. आत चार शेंगापोळ्या. "आमच्या हिनं दिल्यात," एवढंच म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको त्रिशला.

शेंगापोळ्या संपल्या, डबा धुतला गेला, आणि तो परत द्यायची वेळ आली तेव्हा लालासाहेब अडले. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे त्यांना आईनं लहानपणापासून शिकवलेलं. वर्कशॉपमध्ये साखर नव्हती. भुसा होता, खिळे होते, सागवानाचे तुकडे होते. त्यांनी हाताला आला तो तुकडा घेतला, कंपासनं आठ भाग पाडले आणि तळहाताएवढं आठ पाकळ्यांचं कमळ कोरलं. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं. ते कमळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं, डबा भिंतीपलीकडे दिला.

चार दिवसांनी तवनाप्पा आले. "मिस्त्री, तुमचं कमळ हिनं रांगोळीत दाबून बघितलं. छाप चांगला उठतोय, पर उचलताना पाकळीची टोकं ढासळत्यात म्हणाली."

त्रिशलानं ते रांगोळीत का दाबलं, हे लालासाहेबांना तेव्हा कळलं. गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, विधान नावाची आठ दिवसांची पूजा असली की तिच्यासाठी जमिनीवर मोठं मंडल काढतात. मधे आठ पाकळ्यांचं कमळ, भोवती खणांची वर्तुळं, एकात एक वाढत जाणारी, सगळी रंगीत रांगोळीनं भरलेली. नांद्र्यात ते मंडल पंचवीस वर्षं त्रिशला काढत होती. आठ दिवस लोक त्याच्याभोवती पूजा करतात आणि नवव्या दिवशी ते उचलून टाकतात.

टोकं ढासळतात हे ऐकून लालासाहेबांचे कान तापले. वाळूतून पॅटर्न स्वच्छ निघायचा तर त्याच्या कडा सरळ उभ्या ठेवून चालत नाहीत, त्यांना बारीक उतार द्यावा लागतो. फौंड्रीत त्याला ड्राफ्ट म्हणतात. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. आणि स्वतः खेळणं समजून सरळ कडांचं कमळ करून दिलं. रांगोळी काय आणि वाळू काय, दोन्ही तशीच. त्यांनी त्याच दिवशी दुसरं कमळ कोरलं, कडांना उतार दिला, वर चपडा लाखेचा हात फिरवून चकचकीत केलं, आणि तवनाप्पांच्या हाती दिलं.

ते दुसऱ्याच दिवशी परत आलं. "ह्याला काय लावलंय?" तवनाप्पांनी विचारलं.

"लाख."

"लाख म्हंजे किड्याची असती न्हवं? पूजेला चालत न्हाई."

लालासाहेबांनी काचकागद घेऊन लाख खरवडून काढली आणि जवसाचं तेल जिरवलं. सोबत शंखजिऱ्याची पुडी दिली, ठसा दाबण्याआधी चिमूटभर लावा म्हणून. फौंड्रीत पॅटर्न वाळूला चिकटू नये म्हणून तेच लावतात. यावेळी डबा परत आला तो भरून, धपाटे आणि दह्याची वाटी घेऊन. धपाट्यांखाली वहीचा एक कागद होता. त्यावर उमटलेलं कमळ हळदीनं रंगवलं होतं. आठही टोकं शाबूत होती.

मग हे सुरूच राहिलं. कधी महिन्यातून दोनदा, कधी दोन महिन्यांनी एकदा. डब्यात खायला काही असे आणि त्याखाली एखादा कागद. कागदावर हुकूम नसे. बाजारात दिसलेल्या चोळीच्या खणाच्या काठावरचा बुट्टा असे, नाहीतर अर्धवट सोडलेली वेल असे. लालासाहेब ते खिळ्याला टांगून ठेवत आणि काम करता करता बघत राहत. एखाद्या दिवशी त्यातून काहीतरी कोरून जाई. एकदा तिनं काढलेली वेल कोपऱ्यात नीट वळत नव्हती, म्हणून त्यांनी खास कोपऱ्याचा ठसा करून दिला. तिनं तो कोपऱ्यात वापरलाच नाही. चार बाजूंनी उलटा दाबून त्याची चांदणी केली आणि तिचा कागद पाठवला. लालासाहेब तो कागद घेऊन माझ्या दुकानात आले. स्वतःहून आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बघा," ते म्हणाले, "माझाच ठसा. मला न्हाई दिसली ही चांदणी."

त्या दिवाळीत गावी गेल्यावर त्यांनी घरच्या देव्हाऱ्याच्या दारात तीच चांदणी जाळी करून बसवली. तोवर घरासाठी त्यांनी असं काही कधी कोरलं नव्हतं. चंद्राबाईनं विचारलं, "हे कुठनं शिकलासा?" ते म्हणाले, "भिंतीपल्याडनं."

या सगळ्या काळात लालासाहेब आणि त्रिशला समोरासमोर दोनदा भेटले असतील. एकदा तवनाप्पांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, एकदा ती सांगलीला दवाखान्यात आली होती तेव्हा. "बरं हाय का वैनी?" "बरं हाय मिस्त्री." याच्यापुढं गाडी गेली नाही.

सहा वर्षं अशी गेली. मग एका श्रावणात तवनाप्पा म्हणाले की कार्तिकात गावात मोठं विधान आहे, चार गावची माणसं येणार आहेत, आणि हिचे गुडघे आता बसू देत नाहीत. मंडल कसं पुरं करणार कुणास ठाऊक. तवनाप्पा बोलून गेले आणि लालासाहेबांच्या मनात ते राहिलं.

दोन महिने ते सुट्टीलाही गावी गेले नाहीत. काम सुटलं की दार अर्धं ओढून घेत आणि बसत. आजवर आलेले सगळे कागद त्यांनी खिळ्यावरून उतरवले, ओळीनं लावले, आणि पूर्ण मंडलाचा संच केला. एक्केचाळीस ठसे. मधलं कमळ, प्रत्येक वर्तुळाचा खण, वेली, कोपरे, काठ. प्रत्येकाच्या आत बारीक नक्षी, पाकळीच्या शिरासुद्धा. एकही रेघ हातानं काढावी लागू नये असं. मग सागवानाची पेटी केली, आत प्रत्येक ठशाला त्याच्या मापाची खाच. मी ती पेटी पाहिली आहे. इतकं नेटकं काम मी कुपवाडात दुसरं पाहिलं नाही. दसऱ्यानंतर त्यांनी ती टेम्पोतून नांद्र्याला पाठवली.

विधान झालं. तवनाप्पा म्हणाले, लय भारी झालं, लोकांनी नावाजलं. लालासाहेबांनी मान हलवली आणि डब्याची वाट बघू लागले.

डबा आला नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. संक्रांतीला तवनाप्पांनी तिळगूळ आणला तो प्लास्टिकच्या पिशवीत. लालासाहेब ती पिशवी हातात घेऊन उभे राहिले. पिशवी कुणी परत मागत नाही, तिच्यात काही घालून पाठवायचं नसतं. त्यांना वाटलं आपण काहीतरी पाप केलं. देवाच्या कामात परक्यानं एवढा हात घालायला नको होता, की आणखी कुठल्या किड्याची वस्तू लागली? तवनाप्पांना विचारलं तर ते पुठ्ठ्याचे गठ्ठे मोजत राहिले. "तसं काय न्हाई हो. ती जरा बरी न्हाई," म्हणाले.

पुढच्या शनिवारी गावी गेल्यावर त्यांनी चंद्राबाईला सगळं सांगितलं. ती आलं धूत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किती केलं म्हनलासा? एक्केचाळीस?"

"व्हय."

"मग बराबर हाय की. आवं, सोयऱ्यानं टावेल दिला तर आपन टोपी देतो. धोतर दिलं तर पटका देतो. त्यानं दारात म्हस आनून बांधली तर काय द्यायचं? तोंड चुकवत फिरायचं, दुसरं काय."

"मी परत द्या म्हनून दिलंय का?"

"तुमी न्हाई म्हनला. पर घेनाऱ्याच्या उरावर बसतंच की."

लालासाहेबांनी धुतलेलं आलं सुपात पसरलं. थोड्या वेळानं चंद्राबाईच म्हणाली, "पुढच्या रविवारी तिच्याकडं जाऊ. मीबी येते. बाईमानसाशी बाईमानूस बोलंल." मग ती पिशवीत आलं भरायला लागली, तेव्हा लालासाहेबांनी सांगितलं की ते लोक जमिनीखालचं आलं खात नाहीत. चंद्राबाईनं जरा अविश्वासानं त्यांच्याकडं पाहिलं, आलं परत ओतलं आणि दोन किलो वाघ्या घेवडा भरला.

रविवारी दोघं पॅसेंजरनं नांद्र्याला उतरले. तवनाप्पा घरीच होते. त्यांना आधी कळवलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. त्रिशला सोप्यात खुर्चीवर बसून गहू निवडत होती. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. तिनं उठायचा प्रयत्न केला, चंद्राबाईनं खांद्याला धरून बसवलं आणि सूप स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. दोघी गव्हातले खडे काढत बोलायला लागल्या. गुडघ्यांवर, सुनांवर, घेवडा किती वेळ भिजवायचा त्यावर. पुरुष दोघं पंख्याकडं बघत बसले.

चहा झाल्यावर त्रिशलानंच विषय काढला. आतून पेटी आणायला लावली. पेटी झाकलेली, पुसलेली, एकही ठसा जागचा हललेला नव्हता.

"मिस्त्री, राग मानू नका," ती म्हणाली. "पेटी उघडली तवा मी कितीतरी येळ बघतच बसले. असं काम कुणी माझ्यासाठी केलं न्हवतं. मग मंडल मांडायला बसले. दाबत गेले, रंग भरत गेले. चार दिवस लागायचे, ते दीड दिवसात झालं. समदे म्हनाले, लय सुबक. बस्तीतले उपाध्ये म्हनाले, छापल्यागत दिसतंय."

तिनं पेटीच्या कडेवरून हात फिरवला.

"मलाबी तेच वाटलं. छापल्यागत. आठ दिवस पूजेला बसत हुते, आन् त्या मंडलाकडं बघून माझं मन लागंना. माझा हात त्यात कुठंच न्हवता. तुमी समदंच करून दिलंसा. मला करायला काय ठेवलंच न्हाई."

"मला वाटलं, गुडघं दुखत्यात," लालासाहेब म्हणाले.

"दुखत्यात की. ते खरंच हाय. पर आधी एकच ठसा यायचा, त्याच्यासंगं मी पंधरा दिवस खेळायची. असा फिरव, तसा फिरव. आता हे एवढं आलं, आन् ह्याला उत्तर काय पाठवायचं तेच सुचंना. रिकामा डबा पाठवायचा कसा? म्हनून गप बसले. एवढं केलेल्या मानसाला तोंडावर कसं सांगायचं?"

लालासाहेबांना त्या वेळी काय आठवलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्याच वर्षी एका फौंड्रीनं त्यांच्याकडे मशीनवर कापलेला पॅटर्न पाठवला होता. संगणकावर काढलेला, मशीननं कोरलेला, कुठं एका केसाची चूक नाही. मिस्त्रींनी फक्त घासायचा आणि रंग मारायचा. ते त्यांनी केलं होतं, आणि नंतर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं. मालक भला माणूस, म्हणाला होता, "मिस्त्री, तुमचा त्रास वाचला." त्याला काय सांगणार?

आता त्रिशलाच्या सोप्यात बसून त्यांना कळेना की पेटी परत मागावी की ठेवावी. दिलेलं परत मागणं वाईट, आणि तिच्या घरात ओझं म्हणून ठेवणंही वाईट. तेवढ्यात चंद्राबाईनं पेटीतला मोठा खणाचा ठसा काढून उलटासुलटा केला.

"ह्याच्या आतली नक्षी खरवडून टाकली तर?" ती म्हणाली. "भायेरची चौकट तेवढी ऱ्हाऊ दे. आत त्या भरतील की हातानं."

लालासाहेबांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात बारीक पटाशी गुंडाळलेली असे, ती ते कुठंही गेले तरी सोबत असायची. त्यांनी ती त्रिशलाकडं बघत सोप्याच्या कट्ट्यावर ठेवली.

"किती राखायचं, ते तुमी सांगा," ते म्हणाले.

त्रिशलानं नातीच्या दप्तरातला खडू मागवला. एकेक ठसा हातात घेऊन ती खडूनं रेघ मारायची: इथपर्यंत राहू दे, इथून पुढचं काढा. काही ठिकाणी तिला पाकळीची नुसती बाहेरची कड हवी होती. एका ठशाला तिनं अर्धाच गोल ठेवायला सांगितला. लालासाहेब पटाशी चालवत होते. दोन महिन्यांचं बारीक काम छिलके होऊन खाली पडत होतं. पहिल्या दोन ठशांना त्यांचा हात जड गेला, हे त्यांनी मान्य केलं. नंतर त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. एके ठिकाणी ते म्हणाले, "वैनी, हितं एक शीर राहू द्या, न्हाईतर रांगोळी मधी बसंल." तिनं पुन्हा पाहिलं आणि खडू पुसून रेघ सरकवली. दुसऱ्या एका ठशाला त्यांनी शीर ठेवा म्हटलं तर ती म्हणाली, "नगं. बसू दे तिथं." का, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

सहा वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एका जागी बसून काम करत होते. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून तवनाप्पांच्या सुनेनं, चंदनानं, दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं ते उठले. तोवर सहा ठसे झाले होते. त्रिशलानं तेवढेच ठेवून घेतले. उरलेले पस्तीस, पेटीसकट, तिनं बस्तीतल्या पाठशाळेच्या मुलींना द्यायचं ठरवलं. "त्या अजून शिकत्यात. त्यांला तयार ठसा बरा. तुमची हरकत न्हाई न्हवं?"

"मी कोन हरकत घेनारा," लालासाहेब म्हणाले. आत कुठंतरी त्यांना थोडं लागलंही, पण फार नाही.

फाल्गुनात पुढचं विधान झालं. त्यावेळी तवनाप्पांनी आम्हा गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून मीही ते मंडल पाहिलं. लांबून वर्तुळं अगदी रेषेत. जवळ गेलं की प्रत्येक खण वेगळा. एकात पाकळ्या दाट, एकात पातळ, एका ठिकाणी रंग सांडल्यासारखा पसरून तसाच ठेवलेला. शीर नको म्हटलेला ठसा जिथं दाबला होता तिथं रांगोळी खरंच मधे बसली होती, आणि त्या खळग्यात तिनं पिवळा रंग सोडला होता. चंद्राबाई त्या खणासमोर बराच वेळ बसून राहिली. लालासाहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर डबे पुन्हा सुरू झाले. तीन वर्षांपूर्वी लालासाहेबांनी वर्कशॉप बंद केलं आणि ते रहिमतपूरला गेले. आता नांद्र्याहून कुणी पुण्याकडं निघालं की रहिमतपूरच्या स्टेशनवर काहीतरी उतरतं. त्रिशलाला आता जमिनीवर बसणं जमत नाही. ती टेबलावर छोटी मंडलं काढते आणि मोठ्या विधानाला चंदनाला पुढं बसवून मागं खुर्चीत बसते.

गेल्या दिवाळीनंतर मी साताऱ्याला जाताना लालासाहेबांकडं उतरलो. त्यांनी घर नव्यानं बांधलंय, दोन खोल्या, पुढं सोपा. पुढच्या दाराला फळी नव्हती. चौकटीत जुनी सतरंजी टांगलेली होती. सोप्यात सुतारी घोडीवर सागवानाची मोठी फळी आडवी ठेवलेली, आणि तिच्यावर पेन्सिलीनं एक वेल काढलेली. खालून निघून वर गेलेली, पण मध्यावर एक पान उलट्या बाजूला वळलेलं.

"वैनींनी पाठवलीया वेल, दारासाठी," लालासाहेब म्हणाले. "मी फोन केला. म्हनलं, हे पान इकडं वळलंय ते मुद्दाम का चुकून?"

"मग?"

"त्या म्हनाल्या, मलाबी ठाऊक न्हाई. तुमीच बघा."

ते फळीजवळ गेले, त्या पानावरून अंगठा फिरवला, पटाशी उचलली आणि परत ठेवली. चंद्राबाई आतून चहा घेऊन आली. सतरंजीखालून गल्लीतलं एक कुत्रं आत आलं होतं, त्याला तिनं पायानंच बाहेर सारलं.

"दीड महिना झाला," ती मला म्हणाली. "लोक इचारत्यात, दार कवा बसवनार. मी सांगते, पान वळलं की."

लालासाहेब हसले आणि फळीच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन बघायला लागले.